पत्ते उघडे न पाडता शंभर जणांना मेल: थंडरबर्ड आणि त्यातील 'मेल मर्ज'चे परीक्षण

एकच मजकूर अनेकांना ई-मेलने पाठवायचा असेल तर त्या अनेकांचे पत्ते एकमेकांच्या नजरेस पडू नयेत, या एकाच कसोटीवर मी येथे थंडरबर्ड हा मोफत ई-मेल प्रोग्राम आणि त्यात बसवता येणारे 'मेल मर्ज' हे ॲड-ऑन, म्हणजे जोड-प्रोग्राम, तपासणार आहे. थंडरबर्ड हा फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या घरातला असून त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ मध्ये आली, त्यामुळे नावीन्य हे काही त्याचे आकर्षण नव्हे. तरीही गृहनिर्माण सोसायट्या, वाचक मंडळे, गिर्यारोहकांचे गट, शिकवणीचे वर्ग अशा ठिकाणी आजही कोणीतरी पदाधिकारी जीमेलच्या 'टू'च्या रकान्यात सगळी यादी चिकटवून सूचना पाठवतो आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहावेसे वाटले.

माझा या विषयाशी संबंध असा की स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांची घरी देखभाल करणाऱ्या कुटुंबीयांचा ठाण्यात एक छोटा आधारगट आहे आणि त्याचा पत्रव्यवहार माझ्याकडे आहे. नौपाड्यातील एका शाळेच्या वर्गात भरणारी मासिक बैठक, एखाद्या डॉक्टरांचे व्याख्यान, दिवसभरासाठी मदतनीस मिळण्याची सोय, अशा विषयांचे मेल खाडीपलीकडच्या कळवा-ऐरोलीपासून घोडबंदर रोडवरच्या कासारवडवलीपर्यंत पसरलेल्या शे-सव्वाशे सभासदांना जातात. या मेलच्या मजकुरात लपवण्यासारखे काही नसते. लपवायची असते ती यादी, कारण त्या यादीत एखाद्याचे नाव असणे म्हणजेच त्याच्या घरातील आजारपण जाहीर होणे. ठाणे कितीही वाढले तरी नौपाडा, पाचपाखाडी, वर्तकनगर या जुन्या भागांत माणसे एकमेकांना नावाने, इमारतीने आणि नात्यागोत्याने ओळखतात. वडिलांची स्मृती ढासळत आहे ही गोष्ट ज्या घराने चुलत्यांपर्यंत पोहोचू दिलेली नाही, त्या घरातल्या मुलीचा पत्ता त्याच इमारतीतल्या दुसऱ्या सभासदाला दिसला तर परत झाकता येत नाही. जिथे मृत्युपत्राचा किंवा घराच्या वाटणीचा प्रश्न अर्धवट आहे, तिथे तर ही माहिती थेट वादाच्या कामी येते. 'डिजिटल अटके'ची धमकी देऊन ज्येष्ठांना लुबाडणाऱ्या टोळ्यांच्या हाती अशी यादी पडली तर काय होईल, हेही डोळ्यांसमोर ठेवावे लागते.

हे भय अवाजवी नाही, हे ब्रिटनमधील काही प्रकरणांवरून कळते. तिथल्या माहिती आयुक्तालयाने अशा चुकांची चौकशी करून निष्कर्ष जाहीर केल्यामुळे ती तपशिलाने उपलब्ध आहेत. लंडनमधील '५६ डीन स्ट्रीट' या लैंगिक आरोग्य केंद्राने सप्टेंबर २०१५ मध्ये एचआयव्हीविषयक सेवा घेणाऱ्यांसाठीचे वार्तापत्र ७८१ जणांना पाठवताना सगळे पत्ते 'टू'मध्ये टाकले आणि त्यांतल्या ७३० पत्त्यांमध्ये माणसाचे पूर्ण नाव वाचता येत होते. केंद्र चालवणाऱ्या रुग्णालय न्यासाला पुढच्या वर्षी १,८०,००० पौंडांचा दंड झाला. बालकांवरील लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या तिथल्या स्वतंत्र आयोगाने २०१७ मध्ये ९० जणांना पाठवलेल्या मेलमध्ये तेच घडले आणि २,००,००० पौंड दंड बसला. सर्वांत जिवावरचे प्रकरण सप्टेंबर २०२१ चे. तालिबानने सत्ता घेतल्यानंतर देशाबाहेर पडू पाहणाऱ्या २४५ अफगाण नागरिकांना ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाने एकाच मेलने, उघड्या पत्त्यांनिशी लिहिले. दोघांनी 'रिप्लाय ऑल' केले आणि त्यांतल्या एकाने आपला ठावठिकाणाही त्यात लिहिला. मंत्रालयाला डिसेंबर २०२३ मध्ये ३,५०,००० पौंडांचा दंड झाला. यांपैकी एकाही प्रकरणात कोणी संगणकात शिरकाव केला नव्हता. पत्ते चुकीच्या रकान्यात पडले होते, एवढेच.

म्हणूनच 'बीसीसीमध्ये, म्हणजे पत्ते झाकणाऱ्या रकान्यात, पत्ते टाका' एवढा सल्ला मला पुरेसा वाटत नाही. बीसीसीचे तंत्र मुळात चांगले आहे. मेल पाठवताना आपला प्रोग्राम मेल-सर्व्हरला कोणाकोणाला प्रत द्यायची ती नावे वेगळी सांगतो आणि मेलच्या डोक्यावर दिसणाऱ्या 'टू', 'सीसी' या ओळी वेगळ्या असतात. बीसीसीतली नावे फक्त सर्व्हरला सांगितली जातात आणि डोक्यावर छापली जात नाहीत. परंतु ई-मेलच्या रचनेचे नियम सांगणाऱ्या २००८ सालच्या 'आरएफसी ५३२२' या दस्तऐवजात बीसीसी हाताळण्याच्या एकाहून अधिक पद्धती मान्य केलेल्या आहेत. त्यांतल्या एका पद्धतीत बीसीसीतल्या मंडळींना जाणाऱ्या प्रतीत ती ओळ राहू शकते. आजचे जीमेल आणि थंडरबर्ड ती ओळ झाकूनच पाठवतात, त्यामुळे त्या बाजूने काळजीचे कारण नाही. काळजी आहे ती पाठवणाऱ्या माणसाची. बीसीसीत सगळी सुरक्षा एका माणसाने एका क्षणी योग्य रकाना निवडण्यावर टांगलेली असते. महिना संपताना, घाईत, ऑफिसमधून परतताना लोकलमध्ये उभ्याने मोबाइलवर मेल लिहिणारा माणूस तो रकाना कधी ना कधी चुकवणार, हे गृहीत धरूनच साधन निवडले पाहिजे. २०२१ मध्ये दंड झालेल्या 'एचआयव्ही स्कॉटलंड' या संस्थेची गोष्ट या बाबतीत फार बोलकी आहे. तिने सामूहिक मेलची वेगळी सेवा आधीच घेऊन ठेवली होती, पण सगळ्या याद्या तिकडे हलवल्या नव्हत्या. उरलेल्या एका यादीला जुन्या पद्धतीने मेल गेला आणि १०५ जणांचे पत्ते उघडे पडले.

या पार्श्वभूमीवर थंडरबर्डची जी गोष्ट मला पहिल्यांदा आवडली, ती म्हणजे हा प्रोग्राम स्वतःहून सावध करतो. 'टू' आणि 'सीसी' मिळून पंधरा किंवा अधिक पत्ते झाले की मेल लिहिण्याच्या खिडकीत खालच्या बाजूला एक पट्टी उमटते, हे सर्व जण एकमेकांचे पत्ते पाहू शकतील असे सांगते आणि सगळे पत्ते बीसीसीत हलवण्याचे बटण तिथेच देते. एका टिचकीत काम होते. पण पंधरा हा आकडा माझ्या मते फारच सैल आहे. आमच्या कार्यकारी मंडळाबाहेरच्या सहा जणांना एकत्र मेल गेला तरी सहा घरांची गोष्ट फुटते आणि तेव्हा थंडरबर्ड गप्प राहतो. सुदैवाने हा आकडा बदलता येतो. सेटिंग्जमधील 'जनरल' या पानाच्या तळाशी असलेला 'कॉन्फिग एडिटर' उघडून त्यात 'वॉर्न पब्लिक रिसिपियंट्स' हे शब्द इंग्रजीत, मध्ये अंडरस्कोर घालून शोधले की 'थ्रेशोल्ड' सापडतो. मी तो तीनवर आणून ठेवला आहे. त्याच्याच शेजारी 'ॲग्रेसिव्ह' नावाची एक नोंद आहे. ती चालू केली की पट्टीकडे दुर्लक्ष करून 'सेंड' दाबल्यावरही प्रोग्राम थांबून पुन्हा विचारतो. इतकी उपयुक्त सोय एवढ्या आत दडवून ठेवायला नको होती. ती नेहमीच्या सेटिंग्जमध्ये, ठळक दिसेल अशी असायला हवी होती आणि सुरुवातीपासून चालू असायला हवी होती.

एक सापळा थंडरबर्डमध्ये आहे आणि जीमेलमध्येही आहे. ॲड्रेस बुकमध्ये 'सभासद' नावाची यादी करून ठेवली आणि 'टू'मध्ये फक्त 'सभासद' असे लिहिले, तर अनेकांना वाटते की समोरच्याला तेवढा एकच शब्द दिसेल. प्रत्यक्षात मेल जाताना ती यादी उलगडते आणि तिच्यातला प्रत्येक पत्ता प्रत्येकाला दिसतो. लग्नपत्रिका वाटताना प्रत्येक पत्रिकेच्या मागे बाकीच्या सगळ्या निमंत्रितांचे पत्ते छापून द्यावेत, असाच हा प्रकार आहे. जीमेलच्या कॉन्टॅक्ट्समधल्या लेबलचेही असेच होते.

आता मुख्य वस्तू, म्हणजे 'मेल मर्ज'. हे ॲड-ऑन थंडरबर्डच्या ॲड-ऑन्सच्या पानावरून मोफत बसवता येते. त्याचे तत्त्व असे की शंभर जणांना एक मेल न पाठवता शंभर स्वतंत्र मेल पाठवायचे, प्रत्येकाच्या 'टू'मध्ये एकच पत्ता. इथे दुसरा पत्ता मेलमध्ये मुळात नसतोच, त्यामुळे चुकून उघडा पडण्याचा किंवा 'रिप्लाय ऑल'ने सगळ्यांकडे उत्तर जाण्याचा प्रश्नच उरत नाही. बीसीसीहून हे श्रेष्ठ का, याचे माझ्या लेखी हेच उत्तर आहे. शिवाय 'सप्रेम नमस्कार, सुनंदाताई' अशी सुरुवात असलेला मेल ज्या आपुलकीने वाचला जातो, ती आपुलकी 'सर्व सभासदांस' या शब्दांत नसते. थकलेल्या, रात्र रात्र जागणाऱ्या माणसांना लिहिताना हा फरक लहान नाही.

वापरण्याची पद्धत एकदा समजली की सोपी आहे. स्प्रेडशीटमध्ये पहिल्या ओळीत स्तंभांची नावे, खाली सभासदांची माहिती. मेल लिहिताना जिथे नाव हवे तिथे स्तंभाचे नाव दुहेरी महिरपी कंसांत लिहायचे, 'टू'मध्ये पत्त्याच्या स्तंभाचे नाव तसेच लिहायचे आणि 'मेल मर्ज'चे बटण दाबून फाइल निवडायची. मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची सूचना आहे. एक्सेलमधून साध्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे ठेवणाऱ्या) प्रकारात फाइल जतन केली तर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उरते. म्हणून जतन करताना यूटीएफ-८ असे लिहिलेला सीएसव्ही प्रकारच निवडावा, किंवा सरळ स्प्रेडशीटचीच फाइल द्यावी.

मेल लगेच पाठवणे, नंतर पाठवण्यासाठी आउटबॉक्समध्ये ठेवणे आणि ड्राफ्ट म्हणून जतन करणे, असे तीन पर्याय हे ॲड-ऑन देते. मी तिसरा पर्याय आग्रहाने सुचवतो. 'ड्राफ्ट' निवडला की सगळे मेल तयार होऊन फोल्डरमध्ये रांगेने उभे राहतात. त्यांतले काही उघडून नाव आणि पत्ता जुळतो की नाही हे डोळ्यांनी पाहता येते. स्प्रेडशीटमध्ये एकच स्तंभ वर्णानुक्रमे लावला गेला आणि शेजारचा जागीच राहिला, तर एकाचे नाव दुसऱ्याच्या पत्त्यावर जाते. आमच्यासारख्या गटात तोही गोपनीयतेचा भंगच ठरतो आणि तो 'मेल मर्ज' थांबवू शकत नाही, तपासणारा माणूसच थांबवू शकतो. मात्र ड्राफ्ट एकेक करून पाठवणे जिकिरीचे आहे, म्हणून तपासणी झाल्यावर ड्राफ्ट पुसून तीच फाइल, एकही अक्षर न बदलता, 'लगेच पाठवा' या पर्यायाने पुन्हा चालवावी. दोन मेलमध्ये काही सेकंदांचे अंतर ठेवण्याचीही सोय आहे आणि ती वापरावी, कारण एका दमात आलेले शंभर सारखे मेल पाहून सर्व्हर साशंक होण्याची शक्यता असते. जीमेलच्या मोफत खात्यावरून दिवसाला ५०० पर्यंत मेल पाठवता येतात आणि थंडरबर्डमधून पाठवले तरी मर्यादा खात्याचीच लागू होते. मध्यम आकाराच्या सोसायटीला किंवा मंडळाला ती पुरेशी आहे.

सामूहिक मेलविषयीच्या नेहमीच्या सल्ल्यांत सहसा न आढळणारी एक गोष्ट इथे सांगणे आवश्यक वाटते. ॲड्रेस बुकमध्ये आपण ज्या नावाने एखाद्याची नोंद करतो, ते नाव पत्त्याबरोबर मेलच्या डोक्यावर जाते. कोण कोण ते लक्षात राहावे म्हणून 'कुलकर्णी, आई, ऑक्टोबरपासून बिछान्यात' अशी नोंद कोणी केली असेल, तर मेल उघडणाऱ्या कुलकर्णींना आपल्या नावाची ही ओळ जशीच्या तशी दिसते आणि त्यांनी तो मेल भावाला किंवा ऑफिसात कोणाला पुढे पाठवला तर ती ओळ तिथेही पोहोचते. म्हणून आमच्या स्प्रेडशीटमध्ये मेलसाठी लागणारे नाव आणि पत्ता एवढे दोनच स्तंभ ठेवले आहेत. घरच्या परिस्थितीच्या नोंदी वेगळ्या वहीत, कागदावर असतात. यादीत जे नाही ते फुटणार नाही, हा साधा हिशेब आहे.

पर्यायांचाही विचार केला. जीमेलमध्ये स्वतःची मेल मर्जची सोय आहे, ती थंडरबर्डपेक्षा सुटसुटीत आहे आणि मेलच्या शेवटी यादीतून नाव काढून घेण्याचा दुवा आपोआप जोडते. पण ती गुगलच्या 'वर्कस्पेस' या कार्यालयीन सेवेच्या काही सशुल्क योजनांतच मिळते, मोफत खात्यात नाही. ज्या संस्थेकडे तशी योजना आधीच असेल, तिने दुसरीकडे पाहण्याचे कारण नाही. मेलचिंपसारख्या सामूहिक मेलच्या सेवा पत्ते झाकण्यात चोख आहेत. तिथे एकमेकांचे पत्ते दिसूच शकत नाहीत. तरी आमच्यासाठी त्या योग्य वाटल्या नाहीत. एक तर संपूर्ण यादी तिसऱ्याच कंपनीच्या हवाली करावी लागते. दुसरे, कोणी मेल कधी उघडला आणि कोणत्या दुव्यावर टिचकी मारली याची नोंद ठेवणे हा त्या सेवांचा नित्याचा भाग आहे. ती नोंद बंद करता येते, पण मुद्दाम बंद करावी लागते. सभासदांचे सभासदांपासून रक्षण करायचे आणि आपण मात्र कोण काय वाचतो यावर नजर ठेवायची, हे मला पटत नाही. तिसरी अडचण व्यवहारातली आहे. अशा सेवांत मेलच्या तळाशी पाठवणाऱ्याचा टपालाचा पत्ता द्यावा लागतो आणि ज्या गटाला कार्यालयच नाही, त्याने तिथे कोणा कार्यकर्त्याच्या घराचा पत्ता द्यायचा?

थंडरबर्डचे दोषही स्पष्ट सांगितले पाहिजेत. संगणकाची फारशी सवय नसलेल्या पदाधिकाऱ्याला जीमेल खाते त्यात जोडण्यापासून 'कॉन्फिग एडिटर'पर्यंतचा प्रवास एकट्याने जमेलच असे नाही. पहिल्या वेळी कोणीतरी शेजारी बसून शिकवावे लागते. थंडरबर्डची मोठी नवी आवृत्ती आली की ॲड-ऑन तिच्याशी जुळवून घेईपर्यंत बंद पडू शकते, म्हणून सूचना पाठवण्याच्या आदल्या दिवशी प्रोग्राम अद्ययावत करू नये. आणि यादी आपल्याच लॅपटॉपवर राहते हा जसा गुण आहे, तशीच ती जबाबदारीही आहे. लॅपटॉपला पासवर्ड नसेल, घरातले सगळे तोच वापरत असतील किंवा तो दुरुस्तीला दुकानात द्यायची वेळ आली, तर मेलमध्ये झाकलेली यादी तिथे उघडी पडेल. पदाधिकारी बदलल्यावर जुन्या व्यक्तीच्या लॅपटॉपवरून फाइल आणि 'सेंट' फोल्डर पुसले जातील, असे बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून घेणे बरे.

कायद्याची बाजूही थोडक्यात पाहू. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात मान्य केले. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद या कायद्यात आहे. एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती त्यातून वगळलेली आहे. परंतु सोसायटीची, मंडळाची किंवा क्लासची यादी त्या सवलतीत बसते, असे गृहीत धरून कोणी निर्धास्त राहू नये.

राहता राहिला तातडीच्या सूचनेचा प्रश्न आणि तिथे थंडरबर्डचे हे जोडकाम कमी पडते. थंडरबर्डची अँड्रॉइड आवृत्ती २०२४ मध्ये आली आहे, पण तिच्यात ॲड-ऑन बसवता येत नाहीत. जुलैमध्ये वंदना टॉकीजच्या परिसरात पाणी भरले आणि सकाळी सातला बैठक रद्द करावी लागली, तर लॅपटॉप उघडून स्प्रेडशीट जोडत बसायला कोणाला सवड नसते. व्हॉट्सॲपच्या साध्या ग्रुपमध्ये तर प्रत्येकाचा मोबाइल क्रमांकच सगळ्यांना दिसतो. त्यासाठी आम्ही केवळ घोषणांपुरता एक गुगल ग्रुप केला आहे. त्यात 'टू'मध्ये ग्रुपचा एकच पत्ता दिसतो आणि मोबाइलवरूनही चुकायला जागा राहत नाही. मात्र त्याच्या सेटिंग्ज पहिल्याच दिवशी नीट लावाव्या लागतात. सभासदांची यादी पाहण्याचा अधिकार फक्त मालक आणि व्यवस्थापकांना, मेल टाकण्याचा अधिकारही त्यांनाच आणि उत्तरे सर्वांना न जाता फक्त मालकाकडे, अशी ही रचना आहे. सेटिंग्ज लावून झाल्यावर एखाद्या विश्वासू सभासदाला त्याच्या स्वतःच्या खात्यातून ग्रुपचे पान उघडायला सांगावे आणि त्याला सभासदांची यादी दिसत नाही याची खात्री करून घ्यावी. मालकाच्या खात्यातून पाहिले तर सगळे दिसणारच, त्यामुळे त्या तपासणीला अर्थ नाही. महिन्याचा नेहमीचा, नावानिशी लिहिलेला पत्रव्यवहार 'मेल मर्ज'मधून आणि दोन ओळींची तातडीची सूचना ग्रुपमधून, अशी विभागणी आमच्या गटाने स्वीकारली आहे आणि बीसीसीचा रकाना आता आमच्या कामात कुठेच लागत नाही.